वस्तादांची शंका

जानेवारीतली सकाळ. मी दवाखान्याचं कुलूप काढत होते तेव्हाच एक बाई पायरीवर बसलेल्या दिसल्या. शेजारी सोळा वर्षांचं दणकट पोरगं, मान खाली. कानाची पाळी सुजून मोडायला लागलेली. कोल्हापुरात असा कान दिसला की पोरगं मातीतलं आहे हे विचारावं लागत नाही.

"म्याडम, वस्तादांनी ह्याला मातीत उतरायचं बंद केलंय. तीन आटवडं झालं. म्हणत्यात, डाक्टरचा दाखला आण, मग ये."

शर्ट काढायला लावला. दंडाच्या मागच्या बाजूला मोहरी विखुरल्यासारखे बारीक उंचवटे होते, मांड्यांवर पुढून तसेच. हात फिरवला की किसणीवर फिरवल्यासारखं वाटायचं. एवढंच असतं तर मी लांबूनच ओळखलं असतं. पण दंड लालबुंद होते, जागोजागी सोललेले, काही ठिकाणी कातडी पातळ होऊन चकाकत होती.

"घासतोस कशानं?"

पोरगं गप्पच. आईच बोलल्या, "वजरीनं. टाचा घासायची. रोज कडकडीत पाण्यानं आंघोळ करतोय आन् रगात येस्तवर घासतोय. मेडिकलातनं मलम आणलंय, त्येबी दोन महिनं लावतोय."

मलमाची ट्यूब पाहिली आणि डोक्याला हात लावला. जोरदार स्टेरॉइड, त्यात बुरशीचं आणि जंतूंचं औषध मिसळलेलं. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम 2018 मध्येच आला, तरी "गजकर्णाचं द्या" म्हटलं की काउंटरवरून हातात पडतात. पातळ झालेली कातडी त्याचीच करणी.

वस्तादांना मी वेड्यात काढणार नाही. तालमीतल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतात, तरी अंगाला अंग घासणाऱ्या पोरांत गजकर्ण पसरतोच. एकाला झाला की महिन्याभरात चौघांना. अंगावर पुरळ दिसलं की बाहेर काढणारा वस्ताद मला तरी शहाणाच वाटतो.

म्हणून तपासलं. ब्लेडच्या कडेनं थोडी साल खरवडून काचपट्टीवर घेतली, वर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थांबले. बुरशी असेल तर पेशी विरघळल्यावर तिचे फांद्या फुटलेले तंतू दिसतात. इथं काही नव्हतं. मलमातल्या औषधानं बुरशी दडली असेल या शंकेनं दुसऱ्या जागेची सालही पाहिली. तीही कोरी. मग वजरी न लागलेल्या एका पुटकुळीवर भिंग धरलं आणि सुईच्या टोकानं तिचं बूच हळूच उचकटलं. आत गुंडाळी झालेला बारीक केस होता. सुईनं ओढला तसा घड्याळाच्या स्प्रिंगसारखा उलगडला. पोरगं पहिल्यांदाच पुढं वाकून बघायला लागलं.

याचं नाव केराटोसिस पिलारिस. कातडीत केराटिन नावाचं प्रथिन असतं, ते केसाच्या मुळाशी साचून तोंड बंद करतं. बुरशी नाही, जंतू नाहीत, मळही नाही, त्यामुळं एकाचं दुसऱ्याला लागत नाही. हिवाळ्यात कातडी कोरडी पडली की वाढतं. घासलं की आणखी चिडतं. बहुतेकदा घराण्यातून येतं, म्हणून विचारलं, "घरात आणखी कुणाला?"

बाईंनी ब्लाउजची बाही वर सरकवली. तेच दाणे. "ह्ये व्हय? ह्ये तर माज्या आईलाबी हुतं. आमी ह्याला कातडंच समजत आलोय की."

पोरगं आईच्या दंडाकडं बघतच राहिलं.

वजरी बंद, मलम बंद. पहिले काही दिवस सोललेल्या जागी नुसती पेट्रोलियम जेली. ती जागा भरल्यावर 10 टक्के युरियाचं क्रीम. आधीच लावलं असतं तर आग आग झाली असती. आंघोळ कोमट पाण्यानं आणि आटोपती, टॉवेलनं टिपायचं, अंग ओलसर असतानाच क्रीम. तेही सरावानंतरच्या आंघोळीला, कारण चोपडं अंग घेऊन मातीत उतरलं तर समोरचा पकडणार काय? फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतील, सोडलं की दाणे परत येतील, आणि वय वाढेल तसे बहुतेकांचे कमी होतात, हेही सांगून टाकलं. समूळ घालवतो म्हणणारे भेटतीलच, म्हणून.

दाखला लिहून दिला. संध्याकाळी वस्ताद स्वतः हजर! कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. काचपट्टी ठेवली होतीच. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ पाहिलं त्यांनी.

"ह्यात तर कायच दिसंना, बाई."

"तेच दाखवायचं होतं."

दुसऱ्या दिवसापासून पोरगं पुन्हा आखाड्यात.

जुलैच्या पावसात ते एकटंच आलं. दंड बरेच गुळगुळीत झाले होते. मी खुश होऊन बघत होते, तेवढ्यात त्यानं पाठ फिरवली. कमरेवर रुपयाएवढं गोल चकंदळ, कडेला लाल, मधे फिकट.

"म्याडम, ह्ये मातर त्ये न्हवं. वस्तादांना मीच सांगून आलोय, बरं हुईस्तवर येत न्हाई म्हणून."

साल खरवडून पाहिली. तंतूच तंतू.