रोटरी कटरचं पातं: घासायचं की बदलायचं?

रोटरी कटरने, म्हणजे गोल फिरत्या पात्याच्या कापड कापायच्या हत्याराने, वाकळेसाठी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या कापताना दर 14 सेंटिमीटरवर दोन-चार धागे तुटायचे राहतात? म्हणजे पात्याला खाच पडलीय. 45 मिमी पात्याचा घेर साधारण 141 मिमी, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात ती खाच त्याच अंतरावर उमटते. बहुतेक वेळा पातं टाचणीवरून गेलेलं असतं. अशी खाच घासून जात नाही, पातं बदलाच. फॉइलची घडी कापली तर धारेवरची बारीक कणी तेवढी निघते. जरीचे काठ मात्र आधीच कात्रीने वेगळे करा, जरीची तार धार लवकर खाते.

खाच नसेल तर बदलण्याआधी एकदा पातं उघडून बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात धूळ आणि कापसाची लव मिळून मागे चिकट थर बसतो. तो पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला की कधी कधी तेच पातं पुन्हा चालतं.

नट, वॉशर, पातं, बोल्ट ज्या क्रमाने निघतील तसे ओळीत मांडा. वॉशरचा बाक कुठल्या बाजूला होता तेही बघून ठेवा. नवी पाती तेलाने एकमेकांना चिकटलेली असतात, एकच बसवलंय ना याची खात्री करा. नट फार आवळला तर पातं फिरत नाही, कापडावर घासत जातं.

जुनं पातं चिकटपट्टीत गुंडाळून डब्यात टाका. कचरा उचलणाऱ्या ताईंच्या हाताला लागता कामा नये.