पानशेतच्या आठवणींचा पॉडकास्ट : माझा अनुभव

पानशेतचा पूर आला तेव्हा माझी आत्या तेरा वर्षांची होती. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेत धरण फुटलं, दुपारी खडकवासला, आणि नारायण पेठेतलं आमचं घर पाण्याखाली गेलं. पुराआधीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. आहे तो चिखल उपसताना हाती लागलेला एक पितळी तांब्या, आणि आत्याची आठवण. दोन वर्षांपूर्वी तिला जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा मी ठरवलं, आता तिचा आवाज धरून ठेवायचा. मग वाटलं, लोकमान्यनगरात, गोखलेनगरात तिच्या वयाची आणखीही माणसं आहेत, निसेन हटमध्ये, म्हणजे पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या अर्धगोल छपरांच्या घरांत, संसार पुन्हा मांडलेली. त्यांचंही ऐकावं आणि इतरांना ऐकवावं. म्हणून पॉडकास्ट.

पहिलं रेकॉर्डिंग दिवाणखान्यात केलं आणि पूर्ण वाया गेलं. बोलताना आपल्याला पंखा ऐकू येत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये तो पहिल्यापासून शेवटपर्यंत घोंघावत असतो. दुसऱ्या खेपेला आतली खोली घेतली. तिथे गाद्यांची चळत आहे, कपड्यांची कपाटं आहेत. दारावर गोधडी टांगली. आवाज घुमायचा थांबला. फोनला लावायचे दोन कॉलर माइक आणले, एक तिला, एक मला, तोंडापासून वीतभर खाली. तरी मध्येच किणकिण यायची. शोधलं तर आत्याच्या बांगड्या. ती हात हलवल्याशिवाय बोलूच शकत नाही, आणि बांगड्या काढायला सांगायचं माझ्या मनाला येईना. शेवटी तिच्या मांडीवर उशी दिली. हात उशीवर आले आणि बोलणं मोकळं झालं.

संपादनासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर वापरलं. ते फुकट आहे आणि आपल्या कामाला पुरून उरतं. खोलीतली नुसती शांतता आधी पाचसात सेकंद रेकॉर्ड करून ठेवायची, तो नमुना दाखवला की मागची घरघर ते कमी करतं. पण हात आखडता ठेवावा. मी जास्त सफाई केली तर आत्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला. तसंच शांतता आपोआप छाटायची सोय. आत्या सांगत होती, माझी आजी जिन्यावर उभी राहून पायऱ्या मोजत होती. ‘पाचवी गेली, सहावी गेली,’ असं म्हणत आत्या थांबली. अकरा सेकंद काही बोलली नाही. त्या सोयीने ते अकरा सेकंद एका फटक्यात अर्ध्यावर आणले. ऐकलं आणि लक्षात आलं, सगळा पूर त्या थांबण्यात होता. मूळ फाइल उघडून ती शांतता जशीच्या तशी परत बसवली. तुम्ही माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करणार असाल तर कात्री स्वतःच्या हातात ठेवा.

आवाजाची पातळीही सगळ्या भागांत सारखी हवी, नाहीतर ऐकणाऱ्याला दर भागाला बटण दाबावं लागतं. एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप. ॲपल ते उणे १६ च्या आसपास ठेवायला सांगतं. ऑडॅसिटीत हा आकडा टाकता येतो. बोलण्याला स्टिरिओ लागत नाही. मोनो, ९६ केबीपीएस एमपीथ्री केलं की बत्तीस मिनिटांचा भाग २३ एमबीत बसतो.

पुढची पायरी होस्टिंगची, आणि इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण मुळात काय कुठे राहतं हेच ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, फाइल ॲपलवर वेगळी चढवायची, स्पॉटिफायवर वेगळी. तसं नाही. फाइल राहते होस्टिंग सेवेकडे. ती सेवा आपल्यासाठी एक फीड बनवते, म्हणजे आरएसएस नावाची मजकुराची साधी फाइल. तिच्यात कार्यक्रमाचं नाव, प्रत्येक भागाचं शीर्षक, वर्णन, तारीख आणि ऑडिओचा पत्ता असतो. ॲप्सना आपण फक्त या फीडचा पत्ता एकदाच द्यायचा. नवा भाग आला की ती फीड वाचून स्वतःच दाखवतात. एवढं समजलं आणि अर्धी भीती गेली.

फीड भरताना भाषेच्या रकान्यात इंग्रजी आपोआप येतं. तिथे मराठी निवडा. नाव मी देवनागरीतच ठेवलं. चित्र चौकोनी लागतं, ॲपलला कमीत कमी १४०० बाय १४०० पिक्सेल, जास्तीत जास्त ३०००. आधी मी त्यावर नाव, उपशीर्षक, पुलाचं रेखाचित्र असं बरंच घातलं होतं. फोनवर ते अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं हे पाहिलं आणि सगळं काढून फक्त तांब्याचा फोटो ठेवला. स्पॉटिफायचा पडताळणीचा कोड फीडमध्ये लिहिलेल्या ईमेलवर येतो. माझ्या फीडमध्ये ईमेल दाखवण्याची खूण बंद होती, त्यामुळे दोन दिवस कोडची वाट पाहण्यात गेले.

बोलणाऱ्या प्रत्येकाची संमती मी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच आवाजात घेते, आणि तयार भाग प्रसिद्ध करण्याआधी घरच्यांना ऐकवते. एका आजींनी पूर ओसरल्यावर घरात शिरलेल्या चोराचं नाव घेतलं होतं. त्या घराण्यातली मुलंबाळं आज इथेच आहेत. नाव काढलं.

तीन भाग झाले, चौथा तयार होता, आणि एका सकाळी आत्याचा भाग लागेना. मग कळलं, मी घेतलेल्या मोफत योजनेत भाग नव्वद दिवसच राहतो. अट लिहिलेली होती, पण अगदी तळाला, आणि मुदत संपण्याआधी मला एकही पत्र आलं नाही. याचा मला खरोखर राग आला. महिनाभरात बाकीचे दोनही गेले असते. आत्याचं मूळ रेकॉर्डिंग माझ्या लॅपटॉपवर होतं. पण लकडी पुलाजवळ राहणाऱ्या एका आजोबांचं मी जागा करायला पुसून टाकलं होतं, ‘नेटवर आहेच की’ म्हणून. ते आतून घराबाहेर आले तेव्हा पाणी कुठवर होतं, पानशेतला जवानांनी वाळूची पोती कशी रचली होती हे त्यांनी पुढे कुणाकडून ऐकलं, सगळं त्या फाइलमध्ये होतं. पक्षाघातानंतर आता त्यांना बोलता येत नाही. त्यांच्या मुलीला तो भाग पसंतीसाठी व्हॉट्सॲपवर पाठवला होता. रात्री साडेनऊला फोन केला. ती म्हणाली, ‘ताई, बाबांचा आवाज मी कशी पुसेन?’ तिने लगेच परत पाठवला.

त्या रात्रीपासून प्रत्येक मूळ रेकॉर्डिंग मी आकार कमी न केलेल्या वेव्ह फाइलमध्ये ठेवते, एक लॅपटॉपवर, एक हार्डडिस्कवर, आणि एक भावाच्या घरी. मग पैसे भरून दुसरी सेवा घेतली. घेण्याआधी दोनच गोष्टी विचारल्या : वर्गणी थांबवली तर भागांचं काय होतं, आणि सोडून जायचं झालं तर फीड वळवून देता का. जुन्या सेवेत नव्या फीडचा पत्ता टाकल्यावर ॲप्स आपोआप तिकडे वळली, एकही श्रोता तुटला नाही. मात्र नवी सेवा जुन्या फीडमधून तेवढेच भाग उचलते जेवढे तिथे शिल्लक असतात. आत्याचा हाताने चढवावा लागला.

तो पुन्हा आला त्या दिवशी आत्याला हेडफोन लावून दिला. ती डोळे मिटून सगळा ऐकत बसली. ती अकरा सेकंदं आली तेव्हा तिची बोटं पदराच्या काठावर फिरत होती. शेवटी हेडफोन काढून म्हणाली, ‘छान झालंय गं. पण चित्रातला तो तांब्या आपला नव्हे.’

मी म्हटलं, ‘अगं, पण तो आपल्याच घरात सापडला ना?’

‘सापडला आपल्याकडे. वाहून कुठून आला कुणास ठाऊक. आई प्रत्येक भांड्यावर नाव घालून घ्यायची, तारखेसकट. याच्यावर बघ, दोनच अक्षरं आहेत, तीही पुसट. आईने पुष्कळ दिवस विचारलं लोकांना.’

भागाची फाइल बदलता येते, पण ज्यांनी तो आधीच उतरवून घेतलाय त्यांच्याकडे जुनाच राहतो. म्हणून फाइल बदलली नाही. पंखा बंद केला, दारावर गोधडी टांगली, आत्याच्या मांडीवर उशी दिली आणि तिचं हे बोलणं दोन मिनिटांचा स्वतंत्र भाग म्हणून चढवलं. वर्णनात तांब्याची उंची लिहिली, आणि गळ्यावरची ती दोन अक्षरं, जशी वाचता येतात तशी.