सागर धनखड कोण होता, हे आम्ही विचारलंच नाही

आमच्या गावच्या तालमीत शिरलं की समोरच्या भिंतीवर मारुतीचा फोटो, त्याच्या एका अंगाला खाशाबा जाधव आणि दुसऱ्या अंगाला सुशील कुमार. लंडनचं सिल्व्हर गळ्यात घातलेला, पेपरात आलेला मोठा फोटो होता तो, २०१२ ला पोरांनी खळ लावून चिकटवलेला. खाशाबा आमच्या बाजूचेच, कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी ब्राँझ आणलं आणि त्यानंतर कुस्तीत ऑलिम्पिकचं मेडल यायला ५६ वर्षं लागली, ते आणलं सुशीलनं बीजिंगमध्ये. म्हणून ते दोघं शेजारी शेजारी. शिवाय सुशील म्हणजे दिल्लीचे नामी पैलवान सतपाल यांचा पट्ठा आणि जावई, आणि सतपाल हे नाव आमच्याकडच्या म्हाताऱ्या लोकांना घरातल्यासारखं, आपल्या हरिश्चंद्र बिराजदार मामांबरोबरची त्यांची कुस्ती आमचे आजोबा काल बघून आल्यासारखी सांगायचे.

मग आलं २०१६. नरसिंग यादवनं लास वेगासला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ब्राँझ मारून ७४ किलो वजनात रिओ ऑलिम्पिकचा कोटा, म्हणजे जागा, मिळवलेला, आणि सुशील म्हणाला आमच्या दोघांत ट्रायल घ्या, जिंकेल तो जाईल, हायकोर्टात गेला, तिथं हरला. पुढं महिन्या-दीड महिन्यात नरसिंगची डोप टेस्ट पॉझिटिव्ह. नरसिंग म्हणजे मुंबईत वाढलेलं पोरगं, सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी, आमच्या पोलिसात डीवायएसपी. तो म्हणाला माझ्या खाण्यात कोणीतरी मिसळलं, आणि आम्ही सगळ्यांनी त्याच रात्री ठरवून टाकलं की हे सुशीलनंच करवलं. पुरावा काय होता आमच्याकडं? काहीच नाही. सुशीलवर त्यातलं काहीही सिद्ध झालं नाही, आणि आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं नरसिंगचं म्हणणं न मानता त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली, पण आमच्या चावडीवरचा निकाल बदलला नाही. आपला तो निर्दोष, समोरचा तो गुन्हेगार. तरी फोटो भिंतीवरच राहिला, कारण मेडल ते मेडल.

हे सगळं सांगतोय कारण मे २०२१ मध्ये सुशीलवर खुनाचा आरोप आला तेव्हा आम्ही काय केलं ते याशिवाय कळणार नाही.

४ मेची रात्र, दिल्लीत लॉकडाऊन, सुशील जिथं घडला ते छत्रसाल स्टेडियम. सागर धनखड नावाच्या पैलवानाला आणि त्याच्या मित्रांना सुशील आणि त्याच्या साथीदारांनी तिथं आणून बेदम मारलं, मॉडेल टाउनच्या एका फ्लॅटवरून वाद होता, असं पोलिसांचं म्हणणं. सागर हॉस्पिटलमध्ये वारला. सुशील सापडेना, त्याच्यावर एक लाखाचं इनाम लागलं, आणि २३ मेला मुंडका भागात तो पकडला गेला. सुशील आजपर्यंत आरोप नाकारत आलाय.

आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला तो असा, "बघा, नरसिंगचं पाप फेडतोय." आणि मी तो पुढं तीन ग्रुपवर पाठवला. आज लिहिताना लाज वाटते. एक पोरगं मेलेलं होतं, त्याच्या घरी काय चाललं असेल याचा विचारही मनात आला नाही, मला फक्त पाच वर्षांपूर्वीचा राग वसूल झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या बाजूला सुशीलची बाजू घेणारे होते, ते म्हणत होते देशाला दोन मेडलं देणारा माणूस असं करूच शकत नाही, त्याला अडकवलंय. दोन्हीकडच्या एकाही बोलण्याचा त्या रात्रीशी संबंध नाही. आम्ही २०१६ वरून निकाल देत होतो आणि ते २००८ वरून.

तालीम तेव्हा बंदच होती, पण वस्ताद रोज सकाळी जाऊन माती उकरायचे, पाणी मारायचे, माती मरू द्यायची नाही म्हणून. मी एकदा गेलो तर दोन पोरं सुशीलचा फोटो नखानं खरवडत होती आणि एक जण मोबाईलवर शूटिंग करत होता. वस्तादांनी हातातलं फावडं खाली ठेवलं, पोरांना बाजूला केलं, कळशीतलं पाणी घेऊन कडेकडेनं फोटो भिजवला आणि निवांत सोडवला, गुंडाळला, मारुतीच्या फोटोखालच्या फळीवर ठेवून दिला. कोणावर ओरडले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "कोर्टाचं कोर्ट बघंल. पण तू मला सांग, मेलेलं पोरगं कुठल्या वजनात खेळायचं?"

मला माहीत नव्हतं. तीन ग्रुपवर मेसेज पाठवलेला मी, आणि मला एवढंही माहीत नव्हतं.

त्याच जूनमध्ये सुशीलला मंडोली तुरुंगातून तिहार तुरुंगात हलवताना सोबतच्या पोलिसांनी त्याच्याबरोबर हसत फोटो काढले, ते सगळीकडं फिरले. लोकांनी पोलिसांना शिव्या घातल्या, मीही घातल्या. पण मला त्या फोटोंची भीती वाटली ती वेगळ्या कारणानं. खुनाच्या आरोपीला नेणाऱ्या माणसाला जर त्याच्या शेजारी उभं राहायचा मोह आवरत नसेल, तर त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभ्या राहणाऱ्या विशीतल्या पोराचं काय होत असेल?

कुस्तीत हे फार खोल आहे, बाहेरच्याला नाही समजत. आमच्याकडं पोरगं सकाळी तालमीत आलं की आधी मातीला हात लावतं, मग वस्तादांच्या पायाला. मोठा पैलवान समोर आला की खाली बघायचं. त्यानं चुकीचा डाव सांगितला तरी 'हो' म्हणायचं. खुराक त्याच्या शब्दावर, मैदानात जोड त्याच्या शब्दावर, पुढं नोकरी लागली तर तीही त्याच्याच ओळखीनं. आता याच पोराला सांगा, कोर्टात जा आणि ज्याच्या पाया पडत मोठा झालास त्याच्याकडं बोट दाखव. आणि छत्रसाल म्हणजे साधी तालीम नव्हे, टोकियोत सिल्व्हर आणणारा रवी दहिया तिथलाच.

मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं सुशीलला जामीन दिला. साडेतीन वर्षं आत होता, दोनशेहून जास्त साक्षीदारांपैकी थोडेच तपासून झालेले, खटला कधी संपेल सांगता येत नाही, असा विचार त्यामागं. कायद्यानं बघितलं तर समजण्यासारखा आहे, खटला लांबला म्हणून माणसाला किती वर्षं आत ठेवायचं हा प्रश्न खराच आहे. पण आमच्या ग्रुपवर काय आलं, "सुटला!" जामीन म्हणजे सुटका नव्हे, जामीन म्हणजे तारखेला हजर राहीन या शब्दावर बाहेर राहणं, पण हे सांगणारा एकही नाही. मग सागरचे वडील सुप्रीम कोर्टात गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टानं तो जामीन रद्द करून आठवड्यात हजर व्हायला सांगितलं. लगेच ग्रुपवर, "आता गेला कायमचा." तेही चूकच, कारण खटला चालूच आहे.

त्या निकालात एक गोष्ट आहे जी मी दोनदा वाचली. आरोपी नामवंत पैलवान आहे, समाजात त्याचं वजन आहे आणि ते साक्षीदारांवर पडू शकतं, ही गोष्ट कोर्टानं विचारात घेतली. साक्षीदार फिरल्याची तक्रार सागरच्या वडिलांकडून झालेलीच होती. म्हणजे जी मेडलं दाखवून आम्ही म्हणायचो 'असा माणूस हे करूच शकत नाही', तीच मेडलं साक्षीदाराच्या छातीवर बसतात. हे वजन कोणी दिलं त्याला? आम्ही दिलं, फोटो चिकटवून, हार घालून, आणि आता 'सुटला सुटला' म्हणून नाचून. आणि जे आधीच 'खुनी' म्हणून मोकळे झाले, माझ्यासारखे, त्यांनी तरी सागरच्या बापाला काय दिलं? त्याला कोर्टात टिकणारी साक्ष पाहिजे होती, आमच्या शिव्या घेऊन तो काय करणार.

परवा पुतण्याला तालमीत सोडायला गेलो होतो, सोळा वर्षांचा आहे, आता रोज हजार बैठका मारतो. भिंतीवर सुशीलच्या जागी अजून रिकामा चौकोन आहे, आजूबाजूचा चुना पिवळा पडला पण तेवढा तुकडा पांढराच. नव्या पोरांना वाटतं तिथं आरसा होता. पुतण्यानं वस्तादांना विचारलं इथं कोणाचा फोटो होता, तर ते म्हणाले, "ते राहू दे. तुझ्या काकाला विचार, सागर धनखड कुठल्या वजनात खेळायचा."

या वेळी मला माहीत होतं. सत्त्याण्णव किलो, ग्रीको-रोमन, ज्युनियर नॅशनल चॅम्पियन.

"ग्रीको-रोमन म्हणजे पट काढायचा नाही?" पुतण्या म्हणाला.

"कमरेखाली हातच लावायचा नाही," वस्ताद म्हणाले, "सगळं छातीवर आणि पाठीवर," आणि हौद्यात उतरून त्यांनी त्याला कमरेच्या वर कव घालून कसं उचलायचं ते दाखवायला सुरुवात केली.