व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाण्याआधी हिमोग्लोबिन तपासा – माझा अनुभव

ट्रेक होऊन दोन महिने झाले, तरी त्या केसपेपरच्या खिडकीची आठवण आली की अजून माझं डोकं तापतं. म्हणून लिहायला बसले आहे. पुढच्या पावसाळ्यात ज्यांना उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स ही फुलांची दरी आणि तिच्याजवळचं हेमकुंड साहिब गुरुद्वाराचं ठिकाण इथे जायचं आहे, त्यांचा निदान माझ्यासारखा महिना वाया जाऊ नये.

मी ४९ वर्षांची, ताई ५५ची. दोघींनी एप्रिलमध्ये ठरवलं, ऑगस्टचा पहिला आठवडा पक्का केला. दरी १ जून ते ३१ ऑक्टोबर एवढीच उघडी असते आणि फुलांचा खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. पाऊस तेव्हाच जास्त, रस्त्यावर दरडी तेव्हाच कोसळतात, पण फुलंही तेव्हाच. रेल्वेचं आरक्षण, हरिद्वारचा मुक्काम, बूट, रेनकोट हे सगळं बिनबोभाट झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. फक्त परतीच्या आरक्षणाआधी एक दिवस मोकळा ठेवा. ऋषिकेश ते जोशीमठ साधारण अडीचशे किलोमीटरचा घाट आहे, आणि दरड आली की गाड्या तासन्‌तास उभ्या राहतात.

अडलं ते एका कागदावर. आयोजकांनी पैसे भरून घेतल्यावर दोन पानी वैद्यकीय फॉर्म पाठवला. वजन, नाडी, रक्तदाब, जुने आजार, चालू औषधं आणि खाली डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. अटी दोन. डॉक्टर एमबीबीएस हवेत, आणि तारीख ट्रेकच्या आधीच्या ३० दिवसांतली हवी. दुसऱ्या अटीमुळे मी घोटाळ्यात पडले. मला वाटलं, ३० दिवसांतलाच कागद चालणार आहे तर आधी जाऊन करायचं काय? मे आणि जून मी टेकडी चढण्यात घालवले आणि डॉक्टरांकडे पाऊल टाकलं ते थेट २ जुलैला. माझी सगळ्यात मोठी चूक ती.

आमचे नेहमीचे डॉक्टर मला अठरा वर्षं ओळखतात, पण ते बीएएमएस. त्यांनी फॉर्म वाचला आणि तसाच परत दिला. "मी सही करीन, पण ते मान्य करणार नाहीत. सरकारी रुग्णालयातून घ्या, म्हणजे कुणी शंका काढायचं नाही." हेतू चांगला होता. मी सरकारी रुग्णालय गाठलं.

पहिल्या दिवशी साडेआठला रांगेत उभी राहिले. केसपेपर हातात आला तेव्हा सव्वादहा झाले होते. ओपीडीबाहेर आणखी दीड तास. आत गेल्यावर डॉक्टरांनी फॉर्म उलटापालटा केला आणि म्हणाले, फिटनेसचं इथे होत नाही, वरच्या मजल्यावर विचारा. वरच्या मजल्यावरच्या खिडकीत सांगितलं, "काकू, फिटनेस मंगळवार आणि शुक्रवार. आणि हा आमचा फॉर्म नाही." तो दिवस बुधवार होता. तळमजल्यावर तीन तास उभं ठेवण्याआधी हे वार कुणाला सांगता आले नसते का? एक पाटी लावायला किती वेळ लागतो? माझ्या पुढे एक मुलगा होता, नोकरीवर रुजू व्हायचा कागद घ्यायला आलेला. त्याला पगार बुडवून तिसऱ्यांदा यावं लागलं होतं. माझं निदान सहलीचं काम होतं.

शुक्रवारी पुन्हा गेले. पुन्हा केसपेपर, कारण आधीचा त्या दिवसापुरताच. खिडकीतून खोलीत, खोलीतून दुसऱ्या मजल्यावर वजनाला, तिथून जिना उतरून पुन्हा खोलीत. आत पोचले ती धापा टाकतच. एका मदतनीस मुलीने मला उभ्या-उभ्या रक्तदाबाचा पट्टा बांधला. तोही माझ्या दंडाला घट्ट होत होता. आकडा आला १६४/१००. टेबलामागच्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, बीपीची गोळी चालू आहे का? मी नाही म्हणाले. "मग हिमालय कशाला? अनफिट." एवढंच. छातीला स्टेथोस्कोप लागला नाही, दुसरा एकही प्रश्न विचारला गेला नाही. मी बोलायला लागले तोवर पुढचा माणूस आत आला होता.

घरी येताना रिक्षात मला रडू आलं. ट्रेक हुकणार म्हणून थोडं, पण त्याहून जास्त त्या चाळीस सेकंदांमुळे. माझ्या शरीराबद्दल कुणीतरी निकाल दिला होता आणि माझ्याकडे बघितलंही नव्हतं. मला माहीत आहे की तिथे एका डॉक्टरमागे शंभर माणसं असतात. तरीही एक वाक्य नीट बोलायला वेळ लागत नाही.

इथे थोडं थांबून रक्तदाबाबद्दल सांगते, कारण पुष्कळांचा फॉर्म याच आकड्यावर अडतो. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही. अर्धा तास आधी चहा-कॉफी नको. पट्टा लहान पडत असेल तर आकडा खोटा वाढून येतो, तेव्हा मोठा पट्टा मागायचा, संकोच करायचा नाही. हे मला नंतर कळलं.

कळलं ते एका फिजिशियन डॉक्टरबाईंकडे. ताईच्या मैत्रिणीने नाव सुचवलं होतं. तोवर ९ जुलै उजाडला होता. बाईंनी मला आधी बसवून ठेवलं, मग तीनदा रक्तदाब घेतला. तिसरा आकडा १३४/८६. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून आणायला सांगितलं (सरासरी १२८/८२ आली, गोळी लागली नाही). मग माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का? पाळी अजून चालू आहे? रक्तस्राव किती दिवस, किती जास्त?"

हे प्रश्न मला कुणीच विचारले नव्हते, आणि मीही स्वतःला विचारले नव्हते. दीड-दोन वर्षं पाळीत खूप जात होतं. टेकडीवर मला ताईपेक्षा जास्त दम लागायचा, ती सहा वर्षांनी मोठी असून. मी ते सवय नसण्यावर ढकललं होतं. ईसीजी व्यवस्थित आला. हिमोग्लोबिन आलं ९.४. बाईंनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही चिठ्ठी दिली आणि ते उपचार लगेच सुरू झाले.

बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२च्या वर हवं. डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. घांगरिया, म्हणजे दरीखालचं मुक्कामाचं गाव, तीन हजार मीटरवर आहे, तिथे हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढा कमी. तो वाहून नेणारं रक्तातलं द्रव्यही कमी असेल तर शरीरावर दुहेरी ताण येतो. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन चढतं, पण त्याला आठवडे लागतात. "एप्रिलमध्ये आला असतात तर आज मी डोळे मिटून सही केली असती," त्या म्हणाल्या.

हे वाक्य मला आजही बोचतं. सरकारी खिडकीवर राग आहेच, पण एप्रिल ते जून कुणी मला अडवलं नव्हतं. तेव्हा बोलून ठेवते: ३० दिवसांची अट कागदाच्या तारखेला आहे, तपासणीला नाही. तपासणी तीन-चार महिने आधी करा, सही शेवटच्या महिन्यात घ्या. चाळिशीपुढच्या बायकांनी तर हिमोग्लोबिन आधी बघावं, बूट नंतर घ्यावेत.

गोळ्या चालू केल्या. त्या उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या आणि चहा दोन तास लांब ठेवायचा, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. २८ जुलैला पुन्हा रक्त तपासलं. १०.६. त्यांनी फॉर्मवर सही केली, आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलं: दरीपर्यंत हळूहळू चालण्यास हरकत नाही, हेमकुंड टाळावे.

हेमकुंड चार हजार मीटरच्या वर आहे. घांगरियाहून जेमतेम सहा किलोमीटर, पण चढ हजार मीटरहून जास्त, आणि वर राहायची सोय नसल्याने त्याच दिवशी उतरावं लागतं. मी वाद घातला नाही. त्यांनी मला अर्धा तास दिला होता, त्यांचा शब्द मला मान्य होता.

फॉर्म चढवताना फाइल मोठी आहे म्हणून तीनदा परत आली. मोबाइलवर फोटो काढू नका, स्कॅन करणारं ॲप वापरा, शिक्का आणि नोंदणी क्रमांक स्पष्ट वाचता येतो ना ते बघा. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवा. उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास टाळायला डायमॉक्सची गोळी घ्यायची असेल तर सल्फाची ॲलर्जी आहे का हे डॉक्टरांना याच भेटीत सांगा, दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी घेऊ नका.

जोशीमठच्या पुढे गोविंदघाट, तिथून पुलना गावापर्यंत जीप, तिथून घांगरिया दहा किलोमीटर चाल. मी पाठपिशवी खेचरावर दिली आणि रिकाम्या हाताने चालले. साडेसात तास लागले. ग्रुपमध्ये सगळ्यांत शेवटी पोचले, पण डोकं दुखलं नाही, मळमळलं नाही. मला त्याचा अभिमान वाटला आणि अजूनही वाटतो.

दुसऱ्या दिवशी दरी. सकाळी फाटक उघडताच आत शिरा, कारण दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळच्या आत सगळ्यांना बाहेर यावं लागतं. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाल्यापासून आत मुक्काम नाही, चराई नाही. खाण्याची टपरीही नाही, डबा आणि पाणी आपलं आपण न्यायचं. पुष्पावतीवरचा पूल ओलांडला की दगडी वाटेचा खडा चढ लागतो. तिथे मी वीस पावलं चालायचे आणि थांबायचे. चढ संपला आणि दरी उघडली. गुलाबी तेरड्याचे उतारच्या उतार, मध्येच खडकाच्या आडोशाला निळी हिमालयन पॉपी, वर ढगांतून डोकावणारी हिमनदी. १९३१ साली ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती कामेट शिखरावरून परतताना वाट चुकून इथे उतरले होते. तिथे उभं राहिलं की त्यांना काय वाटलं असेल ते समजतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे ताई आणि बाकीचे हेमकुंडला निघाले. मी खिडकीतून त्यांच्या टॉर्चचे दिवे वर-वर जाताना बघत राहिले. मग मागे राहिलेल्या आणखी एकीबरोबर पुन्हा दरीत गेले. आदल्या दिवशी घाईत जोन लेगच्या समाधीपर्यंत पोचता आलं नव्हतं. ही इंग्रज बाई १९३९ साली इथे फुलं गोळा करायला आली आणि खडकावरून घसरून गेली. पुढे तिची बहीण इतक्या लांब आली आणि तिने तो दगड बसवला. आम्ही दोघी तिथे बराच वेळ बसलो. पाऊस थांबला होता. मला सारखी वाटेत असलेली ताई आठवत होती.

ताई साडेतीनला परतली. गुडघे दुखत होते, चेहरा उजळला होता. वर ब्रह्मकमळं फुलली होती, तिने मोबाइलमध्ये शंभर फोटो काढले होते आणि एकेक करून मला दाखवले. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी तुझ्याबरोबर पुन्हा चढीन."

गेल्या आठवड्यात माझं हिमोग्लोबिन १२.१ आलं. डॉक्टरबाईंनी पुढची वेळ एप्रिलच्या पहिल्या सोमवारची दिली आहे. ताईने तिचीही त्याच दिवशी घेतली.