मुलींची तालीम: घरच्यांचे प्रश्न आणि मॅटवरचे

सोमवार, रात्री

मुलीला कुस्तीला पाठवायला घरचे नको म्हणतात, तेव्हा तोंडावर 'लोक काय म्हणतील' एवढंच असतं. निवांत बसून बोललं की खरं बाहेर येतं. अंधार पडल्यावर येणार कशी, कपडे कुठे बदलणार, सरावात जोड कुणाशी (म्हणजे लढायचं कुणाबरोबर), कान मोडला तर लग्नाचं काय. यावर भाषण नको, सोय हवी. सराव उजेडात संपवावा, आतून कडी लागणारी खोली द्यावी, आईला केव्हाही येऊन बसू द्यावं. साक्षी मलिकचं 2016 चं ऑलिंपिक कांस्य सगळ्यांना ठाऊक असतं. पण 2023 मध्ये सांगलीत महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि तिथलीच प्रतीक्षा बागडी जिंकली, हे जास्त जवळचं वाटतं.

कानाची भीती खोटी नाही. घासून-दाबून कानाची कातडी आतल्या कुर्चेपासून सुटते, मध्ये रक्त साचतं आणि तसंच राहिलं तर कान कायमचा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा होतो. म्हणून कानाचं संरक्षक पहिल्या दिवसापासून. सूज आलीच तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडून रक्त काढून घट्ट पट्टी, आणि कान बरा होईपर्यंत लढत बंद.

सगळ्यात मोठी अडचण मात्र जोडीची. तिच्या वजनाची मुलगी नाही म्हणून रोज मुलाशीच लढवलं, तर पंधरा-सोळाव्या वर्षी त्याची ताकद वरचढ ठरते. तिचा प्रत्येक पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, दाबला जातो आणि हळूहळू ती पट काढायचंच सोडते. मुलाशी फक्त डाव घोटवावा; त्याने पाय द्यायचा, अर्धाच जोर लावायचा. खरी लढत मुलीशीच, भले आठवड्यातून एकदा दुसऱ्या तालमीत जावं लागो. एकेरी पटात, म्हणजे एकच पाय धरताना, आधी पाऊल आत, मग हात. नुसते हात पुढे गेले की कंबर मागे राहते आणि समोरची वरून अंग टाकते. डोकं तिच्या बरगडीला चिकटलेलं, नजर वर. मान खाली गेली की सगळा भार मानेवर.

वजनाबाबत कडक राहावं. पॅरिसला 2024 मध्ये विनेश फोगटची फायनल 100 ग्रॅम जास्त वजनामुळे हुकली, पण त्यावरून वाढत्या वयाच्या मुलींना उपाशी ठेवणं चूकच. त्यापेक्षा वजनाचा गट वरचा धरावा. पाळी तीन महिने आली नाही, तर वजन उतरवणं थांबवून आधी डॉक्टर. ही नोंद ठेवायला तालमीत एखादी बाई हवीच. वस्तादांना मुली हे सांगत नाहीत.