पतंगाच्या कागदाचा नाताळ

जर्मनीत, आम्ही राहतो त्या ड्रेस्डेनमध्ये, हाताने केलेलं नाताळचं कार्ड विकतच्यापेक्षा महाग पडतं. जाड कागद, सोनेरी पट्ट्या, मापाचं पाकीट, सगळं धरलं तर छापील कार्ड कितीतरी स्वस्त. तरी नोव्हेंबर संपत आला की स्टेशनरीच्या दुकानात कागदांच्या मांडणीपुढे उभं राहायला जागा नसते. त्यात आजोबा असतात, ऑफिसातून परस्पर आलेले टायवालेही असतात. माझी आई अमळनेरहून आली होती, तेव्हा तिने बिल बघून एवढंच विचारलं, "इतला पैसा नुसता कागदले?"

मला तिचा प्रश्न रास्त वाटतो. आमच्या घरी आकाशकंदील वडील करायचे. बांबूच्या कामट्या तासायच्या, दोऱ्याने बांधायच्या, मैद्याची खळ शिजवायची, ताव चिकटवायचे, खाली झिरमिळ्या सोडायच्या. गल्लीत पहिला प्लॅस्टिकचा कंदील आला तेव्हा आम्ही पोरं तो बघायला गेलो होतो. पुढे हातात चार पैसे आले आणि आम्हीही विकतचाच आणायला लागलो. घरी केलेलं म्हणजे परवडत नाही म्हणून केलेलं, हा हिशोब आपल्याकडे पक्का आहे. इथे तो उलटा आहे. घरी केलेलं कार्ड हातात पडलं की समोरचा आधी विचारतो, तुला एवढा वेळ कसा मिळाला? त्या विचारण्यात थोडा हेवाही असतो.

गंमत म्हणजे छापील कार्ड निघालं तेच वेळ नाही म्हणून. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांना आलेल्या पत्रांना उत्तरं लिहायला सवड होईना. त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, ते छापलं, हाताने रंगवून घेतलं आणि उरलेली कार्डं एका शिलिंगला एक अशी विकायला काढली. चित्रात सगळं कुटुंब वाइन पितंय, आणि एका लहान पोरीच्या तोंडालाही पेला लावलाय. दारूबंदीवाले खवळले. आपल्याकडे असतं तर मोर्चा निघाला असता.

इथे कामाला खरी सुरुवात होते पहिल्या ॲडव्हेंटला, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांपैकी पहिल्याला. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही उरत नाही, म्हणून मग खिडकीच सजवायची. शेजारीण एकदा आम्हाला बोलावून घेऊन गेली. टेबलावर कात्र्या, डिंकाच्या कांड्या, ताटभर बिस्किटं, आणि मोठी माणसं मान खाली घालून घड्या घालतायत. चौथीतला तिचा मुलगा मला फ्रोबेल तारा शिकवत होता. कागदाच्या चार लांब पट्ट्या एकमेकींत विणायच्या, डिंकाचा थेंबही न लावता सोळा टोकं काढायची. बालवाडीची कल्पना ज्याच्यामुळे जगभर गेली, त्या फ्रोबेलचं नाव याला दिलंय. मुलगा फार कडक मास्तर होता. घडीला नखाने दाब दिला नाही तर लगेच उलगडायला लावायचा.

त्याहून मोठी वस्तू म्हणजे हेर्नहूटचा तारा. हेर्नहूट हे ड्रेस्डेनच्या पूर्वेचं, मोरावियन या ख्रिस्ती पंथाचं छोटंसं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पंथाच्या वसतिशाळांत मुलांना भूमिती कळावी म्हणून कागदाचे तारे करायला लावत, असं सांगतात. कितीतरी मुलांचे आईवडील मिशनच्या कामावर समुद्रापार असायचे, आणि मुलं पहिल्या ॲडव्हेंटला खोलीत तारा टांगायची. त्याला २५ टोकं असतात, १७ चौकोनी बुडाची आणि ८ त्रिकोणी बुडाची. सव्विसाव्या जागेतून दिवा आत जातो. तो आजही सुट्या टोकांच्या खोक्यात मिळतो, जोडायचा घरीच. नवापूरकडच्या ख्रिस्ती वस्त्यांत किंवा भुसावळच्या चर्चजवळ पाच टोकांची दिव्याची चांदणी तुम्ही पाहिली असेल. मी इथल्या बाल्कन्यांत हा तारा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तीच आठवली.

आईला मात्र यातलं काहीच करायचं नव्हतं. तिने तुर्की दुकानातून आणलेली भेंडी आडवी चिरली, देठाकडचा तुकडा लाल रंगात बुडवला आणि कार्डावर ठसा उठवला. पाच पाकळ्यांची चांदणी! शेजारणीने सफरचंद आडवं कापून त्याच्या बियांची चांदणी दाखवली, पण ठशाला भेंडीच सरस ठरली. त्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या सगळ्या दारांवर भेंडीच्या चांदण्या होत्या. भेंडीचा भाव मी आईला शेवटपर्यंत सांगितला नाही.

अमळनेरला जी कार्डं जातात ती आम्ही नोव्हेंबरातच पोस्टात टाकतो. तिथल्या भाचरांना मात्र कार्डापेक्षा खिडकीच्या ताऱ्याचा फोटो आवडला. तो तुम्हीही करू शकता. इथे त्याला पतंगाचाच पातळ कागद वापरतात, आणि आपल्याकडे संक्रांतीच्या आधी, ऐन नाताळात, तो दुकानांत येतोच. एकसारखे आठ लांबट तुकडे कापा. प्रत्येक तुकडा उभा दुमडून उघडा, चारही कोपरे मधल्या रेघेला आणा, मग एका टोकाच्या दोन्ही कडा पुन्हा एकदा त्याच रेघेला दुमडा. हे निमुळतं टोक बाहेर ठेवायचं. आता बोथट टोकं मध्यावर जुळवून तुकडे गोलात चिकटवत जा, प्रत्येकाची कड आधीच्याच्या मधल्या रेघेवर येईल असे. जिथे थर जास्त तिथे रंग गडद, त्यामुळे काचेवर लावला की ताऱ्याच्या आत आणखी एक तारा दिसतो. खळ नको, तिचे डाग दिसतात. डिंकाची कांडी घ्या. रंग पिवळा किंवा फिक्का नारिंगी. जांभळ्या-निळ्या तावाचे थर चढले की आपल्या खान्देशी उन्हातही उजेड आरपार येत नाही.