डाक आवृत्ती

आमच्या गावात पेपर यायचा तो सकाळी नवाच्या एसटीनं. आजऱ्याच्या पुढचं गाव. कंडक्टर दारातूनच गठ्ठा टपरीपुढं टाकायचा आणि टपरीवाला सुतळी दातानं तोडायचा. सगळ्यात वरचा, सुतळीनं काचलेला पेपर ठरल्यासारखा आमच्या वाट्याला.

पेपर कोल्हापूरचा. कोणता ते सांगत नाही, त्यावरून घरात अजून दोन तट आहेत. ग. गो. जाधवांनी 'पुढारी' दैनिक काढलं 1939 साली, आणि पुण्याच्या 'सकाळ'नं कोल्हापुरात आवृत्ती सुरू केली 1980 साली, यावरून काय ते समजा.

पण आम्हाला मिळायची ती डाक आवृत्ती. लांबच्या गावांसाठी रात्री लवकर पानं लावून आधी छापायची ती डाक; उशिरापर्यंतच्या बातम्या घेऊन निघायची ती शहर. कोल्हापूरकर उठायचे ते आजच्या दिवसात. आम्ही आपले काल रात्रीच्या जेवणवेळेत अडकलेले.

23 एप्रिल 1998 चा पेपर मला अजून दिसतो. आदल्या रात्री शारजात सामना, गावात लाईट नाही, रेडिओचे सेल उतरलेले. सकाळी पेपर उघडला तर ऑस्ट्रेलिया 284. पुढं काही नाही. दुपारी कोल्हापूरहून पाहुणा आला तेव्हा कळलं की मधेच वाळूचं वादळ आलं, सचिननं 143 काढले, आपण हरलो आणि तरी फायनलला गेलो! आजोबांना हे काही पटेना.

"पेपरात आलंय काय?"

"नाही."

"मग?"

पेपरात ते आलं 24 तारखेला. त्याच संध्याकाळी फायनल होती.

आजोबा पेपर तळापर्यंत वाचायचे, अगदी 'मालक, मुद्रक, प्रकाशक' या ओळीपर्यंत. ती ओळ छापायची सक्ती 1867 च्या कायद्यानं होती. आजोबा ती सक्ती स्वतःवरही असल्यासारखे वागत. गावचा वार्ताहर म्हणजे आमचे गुरुजी. संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे पाकीट द्यायचे. कुस्त्यांचं मैदान, विहिरीत पडलेला गवा, सोसायटीची निवडणूक, सगळं एसटीनं जायचं आणि छापून एसटीनंच परत यायचं. जे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं, तेच परत वाचायला टपरीवर गर्दी.

मात्र आजोबांची सुरुवात निधनवार्तांपासून. पंचक्रोशीत कुणी रात्री उशिरा गेलं, तर दुसऱ्या दिवशीच्या डाकेत ते नसायचं. यायचं तिसऱ्या दिवशी. शेवटचं वाक्य ठरलेलं: 'रक्षाविसर्जन आज सकाळी 9 वाजता.'

पेपरच मुळी नवाला आलेला. आजोबा चहा तसाच ठेवून टोपी शोधायचे, आणि मी पुढं पळत जाऊन, वळून परत निघालेली तीच एसटी हात करून थांबवायचो.